तुम्ही विचारलंत म्हणून: कालॉजेरो हे इटालियन पुरुषाचं नाव आलं कुठून?

इटालियन शिकणारे, इटलीत नोकरीला गेलेले आणि फ्रेंच गाणी ऐकणारे, असे तिन्ही प्रकारचे लोक मला हा प्रश्न विचारतात. ऑफिसात कालॉजेरो नावाचा कुणी भेटतो, किंवा सिसिलियन आईबापांच्या पोटी फ्रान्समध्ये जन्मलेला त्याच नावाचा गायक कानावर पडतो, आणि शंका येते: जोव्हान्नी, मार्को, फ्रान्चेस्को तर ढिगाने भेटले, मग हेच कसं कधी ऐकलं नाही? दुर्मीळ आहे की काय?

आधी उच्चार. जोर दुसऱ्या अक्षरावर: का-लॉ-जे-रो. 'लॉ' उघडा आणि किंचित लांब, 'जे'मधला ज 'जीवन'मधला. 'कालोजेऽरो' असा जोर शेवटाकडे ढकलला की सिसिलीच्या माणसाला ते फ्रेंच वळणाचं वाटतं.

आता दुर्मीळपणाचं. देशभराचा हिशेब मांडला तर हो, दुर्मीळ. उत्तरेत मिलान-तुरिनकडे कालॉजेरो भेटला तर तो स्वतः, नाहीतर त्याचे वाडवडील सिसिलीचे, असं बहुतेक वेळा डोळे झाकून सांगता येतं. त्यातही सिसिलीच्या नैर्ऋत्य भागातले, म्हणजे अग्रिजेन्तो आणि त्याला लागून असलेल्या काल्तानिस्सेत्ता या प्रांतांकडचे. तिथे मात्र हे अगदी घरगुती नाव. त्यामुळे 'इटलीत किती लोकप्रिय?' या प्रश्नापेक्षा 'कुठे?' हा प्रश्न जास्त कामाचा.

नावाचं मूळ ग्रीक आहे आणि ते मुळात नाव नव्हतंच. 'कालोगेरोस' म्हणजे सज्जन म्हातारा; बायझंटाईन काळात साधूला, मठवाशाला आदराने असं म्हणत. सिसिलीत बरीच शतकं ग्रीक बोललं जायचं, तेव्हा तिथल्या डोंगरकपारींत राहणाऱ्या एकांतवासी साधूंना हीच उपाधी होती. त्यांतल्या एकाची उपाधीच त्याचं नाव होऊन बसली. तो संत कालॉजेरो.

परंपरा सांगते की तो कॉन्स्टँटिनोपलसमोरच्या, म्हणजे आजच्या इस्तंबूलसमोरच्या, खाल्केदोनचा. तिथून सिसिलीला आला, शाक्का गावाजवळच्या क्रोनियो डोंगरावर गुहेत राहिला आणि 561 साली 18 जूनला वारला. तारखा परंपरेच्या आहेत, कागदोपत्री पुराव्याच्या नाहीत, हे लक्षात ठेवून घ्या. डोंगर मात्र खरा आणि बघण्यासारखा. उंची जेमतेम 400 मीटर, पण पोटातून सतत गरम वाफ येते. गुहांत तापमान 38 ते 40 अंशांच्या आसपास आणि हवा बाष्पाने गच्च. सांधेदुखीवाले तिथे शेक घ्यायला पूर्वापार जात आले आहेत. लिपारी बेटावरही गरम पाण्याचा जुना झरा याच संताच्या नावाने ओळखला जातो. व्याधी बरी करणारा संत ही त्याची ख्याती आणि ही गरम पाण्या-वाफेची ठिकाणं, यांचा संबंध उघड आहे.

मूर्तीत तो पांढऱ्या दाढीचा म्हातारा असतो, जवळ हरिणी. कथा अशी की त्याला दूध देणाऱ्या हरिणीला एका शिकाऱ्याने बाण मारला. अग्रिजेन्तो आणि नारो इथल्या मूर्तींचा चेहरा काळा आहे. नारोत 18 जूनला त्याची मूर्ती मोठ्या गाड्यावर ठेवून भाविक लांबलचक दोरखंडाने ओढतात, कित्येक अनवाणी. अग्रिजेन्तोत जत्रा जुलैच्या पहिल्या रविवारी सुरू होते. मूर्ती खांद्यावरून निघाली की लोक वर चढून तिच्या चेहऱ्यावरचा 'घाम' रुमालाने पुसतात आणि मुके घेतात. बाल्कन्यांतून मूर्तीवर पावाचे छोटे गोळे टाकायची चाल होती. प्लेगच्या काळात संत भाकरी मागत दारोदार फिरला आणि लोकांनी संसर्गाच्या भीतीने ती वरूनच फेकली, अशी त्यामागची कथा. नवस फेडायला हात, पाय, डोके अशा आकारांचे पावही केले जातात. जो अवयव बरा झाला त्याचा पाव.

यातली गंमत अशी की अग्रिजेन्तोचा अधिकृत ग्रामसंत कालॉजेरो नाहीच. तो मान नॉर्मन काळातल्या बिशप जेर्लान्दोचा, आणि 'जेर्लान्दो' हे नावही त्याच टापूत सापडतं. पण लोकांचा जीव कालॉजेरोवर. इटलीत अशी नावं जागोजागी आहेत: नेपल्सचा जेन्नारो, एटना ज्वालामुखीच्या उतारांवरचा आल्फियो, साऱ्डिनियाचे एफिसियो आणि गाविनो, लेच्चेचा ओरोन्त्सो, व्हेनिसचा आल्विझे. एखाद्याचं नाव ऐकून त्याचा मुलूख ओळखायचा असेल तर आडनावाइतकाच याही नावांचा उपयोग होतो.

संताच्या भक्तीने नाव रुजलं हे खरं, पण ते टिकलं एका कौटुंबिक नियमामुळे, आणि माझ्या मते भक्तीपेक्षा हा नियमच भारी पडला. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं. पहिल्या मुलीला बापाच्या आईचं, दुसरीला आईच्या आईचं. आजोबा कालॉजेरो असले आणि त्यांना चार मुलगे असले तर चौघांच्याही घरी थोरला कालॉजेरो. चार चुलतभाऊ, नाव एक, आडनाव एक, गाव एक, वयात पाच-सात वर्षांचं अंतर. मुलगा झालाच नाही तर मुलीचं नाव कालॉजेरा. कायदाही या रीतीच्या आड आला नाही: हयात बापाचं किंवा हयात सख्ख्या भावंडाचं नाव मुलाला ठेवायला मनाई आहे, आजोबांच्या नावाला नाही.

मग हे चौघे वेगळे ओळखायचे कसे? कागदावर बापाच्या नावाने, आपल्याकडच्यासारखंच: 'दि जुझेप्पे' म्हणजे जुझेप्पेचा मुलगा, 'फू जुझेप्पे' म्हणजे कै. जुझेप्पेचा. 1955च्या कायद्याने ओळखपत्रांवरून आणि दाखल्यांवरून आईबापांची नावं काढली गेली, तोवर ही सोय होती. गावात मात्र 'न्चूरिया', म्हणजे घराण्याला चिकटलेलं टोपणनाव, जास्त चालायचं. घरातली हाक कालॉ किंवा लिल्लो. पण प्रत्येक लिल्लोला कालॉजेरो समजू नका. रोमचा प्रसिद्ध विनोदी नट लिल्लो हा कागदावर पास्क्वाले आहे.

आकडे हवे असतील तर इटलीच्या सांख्यिकी संस्थेच्या, इस्टॅटच्या, संकेतस्थळावर नाव टाकून शोधता येतं. ही मोजणी 1999पासूनच्या जन्मांची आहे, आणि लोक इथेच घसरतात. त्यात फक्त नवजात मुलं मोजली जातात. आज साठीत असलेले कालॉजेरो त्यात कुठून दिसणार? त्यामुळे 'नाव जवळपास नाहीच' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. देशात 2001 ते 2017 मुलांमध्ये फ्रान्चेस्को पहिला होता, 2018पासून लिओनार्दो. त्या वरच्या यादीत कालॉजेरो शोधणं व्यर्थ आहे.

नाव मागे का पडलं? आजोबांचं नाव ठेवायची सक्ती सैल झाली, घरात चारऐवजी एक-दोन मुलं आली, आणि गावंच्या गावं बेल्जियम, जर्मनी, फ्रान्स आणि उत्तर इटलीकडे गेली. उत्तरेत हे नाव म्हणजे कपाळावर 'दक्षिणेकडचा' अशी पाटी. सिसिलीतल्या माफिया सरदाराचं, व्हिल्लाल्बाच्या कालॉजेरो व्हित्सिनीचं, नाव वर्तमानपत्रांनी गाजवलं, त्याचाही डाग लागला. मला विचाराल तर दुसरा एक कालॉजेरो जास्त लक्षात ठेवण्याजोगा आहे: 1889 साली अग्रिजेन्तोजवळच्या फावारात जन्मलेला कालॉजेरो मार्रोने. उत्तरेतल्या व्हारेझे नगरपालिकेत नोंदणी कचेरीचा प्रमुख असताना त्याने ज्यूंना खोटी ओळखपत्रं काढून दिली. 1944च्या जानेवारीत पकडला गेला आणि 1945 साली नाझींच्या डाखाऊ छळछावणीत वारला.

अमेरिकेत गेलेल्या कालॉजेरोंचे चार्ल्स, चार्ली, कार्ल, जेरी झाले. न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सचा नट चॅझ पाल्मिन्तेरी याचं जन्मनाव कालॉजेरोच. कार्लोशी या नावाचा काडीचाही संबंध नाही, नुसतं आद्याक्षर जुळतं.

आजचे आईबाप एक मधला मार्ग काढतात: पहिलं नाव आपल्या आवडीचं, दुसरं आजोबांचं. इथे एका स्वल्पविरामाने सगळं बदलतं. जन्मनोंद रुग्णालयात 3 दिवसांत किंवा नगरपालिकेत 10 दिवसांत करावी लागते, आणि जास्तीत जास्त तीन नावं चालतात. 'आन्द्रेआ कालॉजेरो' असं सलग लिहिलं तर दोन्ही नावं मिळून एक नाव, आणि ते प्रत्येक कागदावर तसंच यायला हवं. 'आन्द्रेआ, कालॉजेरो' असं लिहिलं तर 2012च्या दुरुस्तीप्रमाणे दाखल्यांवर फक्त आन्द्रेआ येतो. करक्रमांकही, म्हणजे आडनाव, नाव आणि जन्मतारीख यांवरून रोमन अक्षरांत-आकड्यांत बनणारा सरकारी क्रमांक, त्यावर ठरतो. नावाची व्यंजनं तीन असतील तर तिन्ही घेतात. चार किंवा जास्त असतील तर पहिलं, तिसरं आणि चौथं. म्हणून नुसत्या आन्द्रेआचा भाग एन-डी-आर, आणि स्वल्पविराम विसरलात तर एन-आर-सी. एका कागदावर हा आणि दुसऱ्यावर तो, की बँक अडवते. नुसता कालॉजेरो असेल तर सी-जी-आर. घाईत सी-एल-जी लिहिलं की अर्ज परत. कालॉजेराचाही सी-जी-आरच येतो. बाई असल्याचं जन्मदिवसात मिळवलेल्या 40वरून कळतं.

पूर्वजांपैकी कुणी कालॉजेरो शोधायचा असेल तर सिसिलीत सरकारी जन्मनोंदी 1820पासून आहेत, आणि इटालियन अभिलेखागारांच्या 'आन्तेनाती' या पोर्टलवर नोंदवह्यांची पानं फुकट बघता येतात. अग्रिजेन्तो प्रांताचं नाव 1927पर्यंत जिर्जेन्ती होतं, हे विसरलात तर जुने कागद हाती लागत नाहीत. चर्चच्या लॅटिन वह्यांत तो 'कालोगेरुस' असतो, आणि कारकून कधी ज दुप्पट लिहितो. आईचं माहेरचं आडनाव जुळल्याशिवाय कुठलीही नोंद आपली मानू नका, कारण चुलतभावांचा घोळ तिथेच सुटतो. ते जुळलं तरी पुढच्या पाच वर्षांची मृत्यूंची वही चाळा. तान्हं मूल गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव ठेवत. तुम्हाला सापडलेला कालॉजेरो वर्षाच्या आत गेलेला असेल, तर तुमचा माणूस दोन-तीन वर्षांनंतरच्या वहीत असतो.