तुम्ही विचारलंत म्हणून: मार्क असून सिव्हिल का?

ओळख होऊन दहा मिनिटं झाली की हा प्रश्न येतोच. 'इंजिनिअरिंगला कॉम्प्युटर मिळत होतं ना? मग सिव्हिल का घेतलंस?' (पाठोपाठ 'तेही मुलगी असून?' येतं. त्याला मी उत्तर देत नाही.) आजवर मी एक ठरलेलं उत्तर ठोकून देत आले. आता माझं मलाच ते ऐकवेनासं झालंय.

ठरलेलं उत्तर असं: १९८१ साली अमेरिकेत, कॅन्सस सिटीतल्या हयात रीजन्सी हॉटेलच्या लॉबीत टांगलेले पादचारी पूल कोसळले. ११४ माणसं गेली. मूळ आराखड्यात वरचा आणि खालचा पूल छतातून आलेल्या एकाच अखंड रॉडला लटकणार होते. प्रत्यक्षात त्या जागी दोन तुकडे आले, म्हणजे खालचा पूल वरच्या पुलालाच टांगला गेला आणि वरच्या तुळईखालच्या नटावर दुप्पट भार पडला. एवढ्याशा बदलाची एवढी किंमत, हे वाचलं आणि ठरवलं, आपण हेच शिकायचं! ऐकणारे गप्प होतात.

गंमत एवढीच, की हे मी वाचलं तिसऱ्या वर्षाला. शाखा घेऊन तेव्हा दीड वर्ष उलटलं होतं.

खरं घडलं ते पहिल्या वर्षाच्या प्रोग्रॅमिंगच्या प्रॅक्टिकलला. मला बबल सॉर्ट, म्हणजे आकडे क्रमानं लावायचा प्रोग्रॅम, आला होता. पाठच होता. टाइप केला, रन झाला, आकडे चढत्या क्रमानं ओळीत उभे राहिले. बाहेरून परीक्षेला आलेल्या एक्स्टर्नल सरांनी आउटपुटकडे बघितलंच नाही. पेनाचं टोपण आतल्या लूपवर, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ओळींवर, टेकवून म्हणाले, "हे एन वजा आय वजा एक कशासाठी? नुसतं एन वजा एक का नाही?"

मी म्हणाले, "सर, ते तसंच असतं."

"तसंच असतं म्हणजे?"

शेजारच्या मशीनवरचा मुलगा टाइप करायचा थांबला. टोपण स्क्रीनवरून हलेना. मी आधी 'लूपची लिमिट असते सर' म्हणाले, मग 'नाहीतर एरर येतो' म्हणाले. सरांनी आय काढून टाकला, पुन्हा रन केलं. एरर आला नाही. आकडे तसेच ओळीत उभे. ते रागावले असते तर बरं झालं असतं. "पाठांतर चांगलं आहे," म्हणाले आणि पंचवीसपैकी बावीस दिले.

तुम्ही 'मार्क होते ना' म्हणता, ते हे मार्क. एकेका विषयात असेच मिळवलेले. पहिलं वर्ष संपल्यावर शाखेचा फॉर्म भरताना बाबांनी पहिल्या पसंतीला पेन्सिलीनं 'कॉम्प्युटर' लिहून ठेवलं होतं. मी ते खोडून पेनानं 'सिव्हिल' लिहिलं आणि घरी सांगितलं, कॉम्प्युटरला थोडक्यात हुकलं. याद्या लागल्या तेव्हा बाबा बरोबर येतील असं वाटलं नव्हतं. आले. कॉम्प्युटरच्या यादीतल्या शेवटच्या नावापुढचा आकडा त्यांनी बोट ठेवून वाचला, मग माझा वाचला. माझा जास्त होता. 'बरं' एवढंच म्हणाले आणि गाडी काढायला गेले.

आता सरांच्या प्रश्नाचं उत्तर येतं मला. एन म्हणजे एकूण आकडे, आय म्हणजे झालेल्या फेऱ्या. दर फेरीत उरलेल्यांतला सगळ्यात मोठा आकडा मागे जाऊन बसतो. आय फेऱ्या झाल्या की शेवटचे आय आकडे जागेवर असतात, त्यांना परत हात लावायचं कारण नाही. आय काढला तरी उत्तर तेच येतं, फक्त उगाच जास्तीची तुलना होते. नोकरी लागल्यावर एका दुपारी कागदावर पाच आकडे मांडले आणि कळलं. दहा मिनिटं लागली.

दहा मिनिटांच्या गोष्टीला घाबरून शाखा बदललीस? असं मी पहिल्या वर्षातल्या त्या मुलीला, म्हणजे मलाच, विचारते, तेव्हा ती क्यूब पुढे करते. त्याच वर्षी आम्ही दीडशे मिलिमीटरचे काँक्रीटचे क्यूब, म्हणजे ताकद तपासायचे ठोकळे, भरले होते. तीन थर, प्रत्येक थराला ३५ ठोके. मधल्या थराला माझा हात भरून आला आणि मी मोजणं सोडलं. २८ दिवस पाण्यात राहून तो मशीनखाली आला आणि इतरांच्या कितीतरी आधी फुटला. तुकडा हातात घेतला तर मध्ये, बरोबर त्या थरात, मधाच्या पोळ्यासारखी भोकं. खडी सुटी सुटी, बोटानं निघत होती. इथं 'का' विचारायला कुणाची गरज नव्हती.

तिचं म्हणणं मला पटतं. मग वाटतं, हीसुद्धा मागाहून जुळवलेली गोष्ट तर नाही? क्यूब आवडला, की टोपण नको होतं?

आणि सुटले म्हणावं तर तेही नाही. बिल्डिंगचं ॲनालिसिस आज सॉफ्टवेअरवर होतं. ते ज्या फायनाइट एलिमेंट पद्धतीवर (बिल्डिंगचे छोटे छोटे तुकडे मानून गणित करायचं) चालतं, तिला ते नाव १९६० साली रे क्लफ या सिव्हिलवाल्यानंच दिलं. दिवसभर मॅट्रिक्स आणि लूप. मी स्वतः लिहिलेले छोटे प्रोग्रॅम ऑफिसात चौघं वापरतात. त्यातल्या एकानं परवा विचारलं, हा लूप इथं का थांबतो? मी सांगितलं. आवाज थोडा चढला असावा, तो चमकून बघायला लागला.

बाबा अजून कुणाला माझी ओळख करून देताना 'इंजिनिअर आहे' म्हणतात. समोरच्यानं 'कशातली?' विचारलं की माझ्याकडे बघतात.