मुक्तिनाथ: दर्शन वर, मुक्काम खाली

खानदेशातून निघणाऱ्या यात्रांच्या पत्रकात नेपाळमधलं मुक्तिनाथ बहुतेक वेळा एका ओळीत उरकलेलं असतं: ‘पोखराहून मुक्तिनाथ दर्शन व परत.’ काशी, अयोध्या, पशुपतिनाथ, त्याच रांगेत आणखी एक देऊळ. पण जळगाव समुद्रसपाटीपासून 200 मीटरच्या आसपास आहे, पोखरा 820 आणि मुक्तिनाथ 3,700 मीटरच्या वर. तिथं हवेचा दाब आपल्याकडच्या जेमतेम दोन-तृतीयांश भरतो. म्हणजे श्वास तेवढाच घेतला तरी प्राणवायू तिसऱ्या हिश्श्याने कमी मिळतो. साठीच्या पुढच्या, रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या माणसाला ही ओळ कुणीतरी सोडवून सांगायला हवी.

पहिला प्रश्न कधी जायचं हा, आणि इथेच आपल्याकडचं शेतीचं वेळापत्रक आडवं येतं. खरिपाची पेरणी, निंदणी, खत आटोपलं की जुलै-ऑगस्टमध्ये थोडी उसंत मिळते, श्रावणही तेव्हाच असतो, आणि गाड्या भरतात. नेपाळच्या रस्त्यांसाठी वर्षातला सगळ्यात वाईट काळ हाच. मुक्तिनाथ स्वतः हिमालयाच्या पर्जन्यछायेत आहे, तिथं पाऊस थोडाच. त्यामुळे ‘वर पाऊस नसतो’ असं सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो. मात्र तिथं पोचायचा सगळा रस्ता पावसाच्या तोंडाशी आहे. 12 जुलै 2024 ला नारायणघाट-मुगलिंग रस्त्यावर सिमलताल इथं दरड आली आणि प्रवाशांनी भरलेल्या दोन बसगाड्या त्रिशूली नदीत गेल्या. पुढच्याच महिन्यात, 23 ऑगस्टला, पोखराहून काठमांडूकडे निघालेली यात्रेकरूंची बस तनहूं जिल्ह्यात मर्स्याङ्दी नदीत कोसळली. 27 जण गेले, त्यातले बहुतेक भुसावळ-वरणगाव भागातले. हा अपघात उंचावर झालेला नाही, हे लक्षात घ्या. तो हमरस्त्यावर, आपल्या सातमाळ्याच्या घाटापेक्षाही कमी उंचीवर झाला. हिमालयाची भीती आपण बर्फाला आणि थंडीला जोडतो. यात्रेकरूच्या जिवाला खरा धोका आधी रस्त्याचा, मग चढण्याच्या घाईचा, आणि बाकी सगळं त्यानंतर.

म्हणून गहू निघाल्यावरचा काळ बरा: मार्चअखेर ते मे सुरू होईपर्यंत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हवा सगळ्यात स्वच्छ असते, पण तेव्हा कापूस वेचणीला आलेला असतो, त्यामुळे शेतकरी घरातून दोघांनी एकदम निघणं अवघड. ऑक्टोबरही बिनघोर समजू नये. 2014 साली बंगालच्या उपसागरातलं हुदहुद वादळ विशाखापट्टणमला धडकलं आणि दोन दिवसांनी, 14 ऑक्टोबरला, त्याच्या शेपटाने मुक्तिनाथच्या डोक्यावरच्या थोरुंग ला खिंडीत बर्फ ओतलं. 40 हून अधिक माणसं गेली. उपसागरात वादळ असल्याची बातमी आली, तर पोखरातच थांबायचं. पोखरात दोन दिवस जास्त राहिल्याने कुणाचं काही जात नाही.

आता रस्ता. आपल्याकडून गेलेली मोठी बस पोखरापर्यंतच न्यावी. पुढे बेनी, तातोपानी, घासा, मार्फा, जोमसोम असा कालीगंडकीच्या दरीतला सुमारे 160 किलोमीटरचा रस्ता आहे. नकाशात तो पाच तासांचा वाटतो, पण दहा तास धरून चाला. काही ठिकाणी तो डोंगर तासून काढलेला, काही ठिकाणी ओढा थेट रस्त्यावरून वाहतो. इथं स्थानिक ड्रायव्हर आणि छोटी, चारही चाकं ओढणारी गाडीच हवी. सपाट हायवेवर वीस वर्षं गाडी हाकलेल्या ड्रायव्हरचं कौशल्य या रस्त्यावर कामाचं नाही. उतारावर गाडी ब्रेकवर धरत आणली की ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि पायाखालचा ब्रेक मऊ पडतो. उतार गिअरवर उतरायचा असतो. जळका वास आला तर गाडी थांबवायला सांगायची, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

बस ठरवताना प्रवाशांनी विचारायच्या गोष्टी थोड्याच आहेत, पण पैसे देण्याआधी विचारायच्या. ड्रायव्हर दोन आहेत का? अंधार पडल्यावर गाडी चालणार आहे का? चालणार असेल तर ती यात्रा घेऊ नका, कितीही स्वस्त असो. टायरच्या खाचा बोटाने चाचपून बघा, मागचे टायर विशेष. आचाऱ्याचा गॅस सिलिंडर प्रवाशांच्याच डब्यात असेल तर तो वेगळ्या गाडीत हलवायला लावा. आणि परतीची रेल्वे मुक्तिनाथच्या दुसऱ्याच दिवशी धरलेली असेल, तर रस्ता बंद पडला तरी ड्रायव्हर गाडी रेटणारच. गोरखपूरहून भुसावळचं तिकीट किमान दोन मोकळे दिवस ठेवून काढावं. अपघाताची सुरुवात पुष्कळदा वेळापत्रकातच झालेली असते.

दरड पडलेल्या जागी गाडी थांबली, तर दरडीखाली उभं राहून मोबाईलवर चित्रण करायचा मोह आवरा. वरून बारीक खडे घरंगळत असतील, तर मोठे येणार म्हणून समजा. माणसांनी उतरून, एकेकाने, वर नजर ठेवत पलीकडे जावं आणि गाडी रिकामी काढावी.

विमानाचाही पर्याय आहे. पोखरा ते जोमसोम सुमारे वीस मिनिटं. ही छोटी विमानं सकाळीच उडतात, कारण दहा-अकरानंतर कालीगंडकीच्या दरीत वारा पिसाळतो. ढग असले की उड्डाण रद्द होतं आणि ते चांगलंच म्हणायचं. 29 मे 2022 ला याच मार्गावर तारा एअरचं विमान डोंगरावर आदळलं, 22 जण होते, कुणी वाचलं नाही. त्यामुळे उड्डाण रद्द झालं म्हणून काउंटरवर भांडू नका. आणखी एक बारीक गोष्ट: नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा 15 मिनिटं पुढे असतं. विमान चुकायला एवढी पुरतात.

विमानाची दुसरी अडचण अशी की ते माणसाला 820 वरून थेट 2,700 मीटरवर नेऊन सोडतं, आणि तिथून जीप दीड-दोन तासांत 3,700 वर. सकाळी पोखरात नाश्ता, दुपारी मुक्तिनाथ. शरीराला हे झेपायला दिवस लागतात, आपण त्याला तास देतो. उंचीचा त्रास साधारण 2,500 मीटरच्या वर सुरू होतो आणि पोचल्याबरोबर नव्हे, बहुधा सहा ते बारा तासांनी. म्हणूनच तासाभरात दर्शन घेऊन उतरणारे सुटतात आणि देवळाखालच्या राणीपौवा गावात रात्री मुक्काम करणारे पहाटे डोकं धरून बसतात.

त्यावर उपाय साधा आहे. पोखराहून पहिल्या दिवशी कालोपानी किंवा मार्फा इथं, म्हणजे 2,500 ते 2,700 मीटरच्या दरम्यान मुक्काम. दुसरी रात्र जोमसोम किंवा कागबेनी, 2,700-2,800. तिसऱ्या दिवशी पहाटे निघून मुक्तिनाथ, दर्शन, आणि वारा सुटायच्या आत परत खाली. दर्शन वर, मुक्काम खाली. यात दोन रात्रींचं भाडं वाढतं, हे खरं. 3,000 मीटरच्या वर राहायचंच असेल तर झोपायची जागा एका रात्रीत 500 मीटरपेक्षा जास्त उंचावू नये.

वर गेल्यावर दारू आणि झोपेची गोळी वर्ज्य. मार्फाची सफरचंदाची ब्रँडी प्रसिद्ध आहे, ती खाली आल्यावर. जेवण हलकं ठेवा. सोबतचा आचारी 3,700 मीटरवर पातेल्यात तुरीची डाळ शिजवायला बसला तर दुपार होईल, कारण तिथं पाणी 88 अंशांच्या आसपासच उकळतं. कुकर न्या, नाहीतर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. खोली बंद करून आत शेगडी पेटवणं मात्र कधीच नको, तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूने झोपेतच माणूस जातो.

लक्षणं घरच्या सगळ्यांना पाठ हवीत. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, चक्कर, झोप न लागणं: एवढ्यावर थांबायचं, आणखी वर चढायचं नाही. बसल्या जागी दम लागणं, खोकला, गुलाबी फेस: फुप्फुसात पाणी भरतंय. बोलणं असंबद्ध होणं, तोल जाणं: मेंदूला सूज. शंका आली तर टाचेला चवडा लावत सरळ रेषेत दहा पावलं चालायला सांगा. जमलं नाही तर रात्र असो की दिवस, ताबडतोब खाली न्यायचं. मुक्तिनाथहून जोमसोमला आणलं तरी हजार मीटर उतरतात, आणि हजार मीटर हे मोठं औषध आहे. रात्री गाडी नको म्हटलं त्याला हा एकच अपवाद, आणि त्यासाठीही ड्रायव्हर स्थानिकच हवा.

आपल्या माणसांची खोड ही की त्रास लपवायचा. अक्का सांगणार नाहीत, कारण ‘माझ्यामुळे सगळ्यांचं दर्शन राहील’. जिभाऊ सांगणार नाहीत, कारण शेतात उन्हातान्हात राबलेल्या माणसाला डोकं दुखतं म्हणायची लाज वाटते. म्हणून विचारायचं काम गटातल्या एकाकडे सोपवा. ‘बरं आहे ना?’ असं विचारलं तर ‘हो’च येतं. ‘रात्री किती भाकरी खाल्ली, किती वेळा उठलात?’ असं विचारा.

अॅसिटाझोलामाइड, म्हणजे डायमॉक्स, ही गोळी शरीराला रुळायला मदत करते. प्रौढांसाठी नेहमीचं प्रमाण 125 मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, चढायच्या आदल्या दिवसापासून. पण ती सल्फा जातीची आहे. सल्फाची अॅलर्जी असेल, किडनीचा त्रास असेल किंवा लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. लघवी जास्त होणं, बोटांना मुंग्या येणं हे तिचे नेहमीचे परिणाम. कोविडपासून घरोघरी ऑक्सिमीटर आले आहेत. तो न्यावा, पण 3,700 मीटरवर धडधाकट माणसाचाही आकडा 85 ते 90 दिसू शकतो, आणि गार बोटावर तर तो काहीही दाखवतो. आकड्यापेक्षा माणसाकडे बघा.

मधुमेह्यांनी इन्शुलिन आतल्या खिशात ठेवावं. एकदा गोठलं की ते वाया गेलं, आणि एप्रिलच्या उन्हात उभ्या बसमध्येही ते बिघडतं. साखर तपासायचं यंत्रही थंडीत चुकतं, तेही अंगाजवळच.

नंदुरबार, धुळ्याचा पश्चिम पट्टा आणि चोपडा-यावल-रावेरच्या सातपुडा पायथ्याच्या लोकांसाठी एक वेगळी सूचना, जी यात्रेच्या पत्रकात सहसा नसते. या भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण मोठं आहे. ज्यांना आजार आहे त्यांनी तज्ज्ञाला विचारल्याशिवाय इतक्या उंचीवर जाऊच नये. पण जे नुसते वाहक आहेत, ज्यांना घरी आयुष्यभर काहीच होत नाही, त्यांनाही विरळ हवेत प्लीहेचा, म्हणजे डाव्या बरगडीखालच्या पाणथरीचा, रक्तपुरवठा तुटण्याचा धोका असतो. डाव्या बरगडीखाली अचानक जोराची कळ आली तर ती गॅसची समजू नका, लगेच खाली उतरवा आणि दवाखाना गाठा. रक्त तपासणी सरकारी दवाखान्यात होते, ती निघण्याआधी करून घ्यावी.

आणि 108 धारा. देवळामागच्या गोमुखांतून पडणारं पाणी बर्फाचं असतं. भुसावळच्या 45 अंशांतून आलेला माणूस त्याखाली पळत जातो, मग दोन्ही कुंडांत बुडी मारतो. गार पाण्याच्या धक्क्याने रक्तदाब झटक्यात चढतो, हृदयावर ताण येतो, आणि हे सगळं प्राणवायू कमी असताना. हृदयविकार, रक्तदाब असलेल्यांनी ओंजळीत पाणी घेऊन डोक्याला लावावं. ज्यांना भिजायचंच आहे त्यांनी कोरडे कपडे, कानटोपी आणि टॉवेल हातात घेऊन उभा असलेला माणूस आधी ठरवावा. ओल्या अंगाने वाऱ्यात फोटो काढायचे नाहीत. शाळिग्राम शोधायला कालीगंडकीच्या पात्रात उतरणाऱ्यांनी सकाळीच उतरावं, कारण दुपारी वरचं बर्फ वितळून पाणी वाढतं.

नेपाळला जाताना आपल्याला व्हिसा लागत नाही, म्हणून आपण परदेशात आहोत हेच विसरायला होतं. 15 ते 65 वयाच्या माणसाला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं, नुसतं आधार चालत नाही. अन्नपूर्णा क्षेत्राचा परवाना पोखरात काढावा, भारतासह सार्क देशांच्या नागरिकांना 1,000 नेपाळी रुपये. कागबेनीच्या उत्तरेला वरच्या मुस्तांगमध्ये जायला निराळा आणि महागडा परवाना लागतो. गाडी आपली असेल तर सीमेवर सोनौलीला भन्सार, म्हणजे जकातीची पावती, आणि ती जपून. आपल्या 100 रुपयांचे 160 नेपाळी रुपये होतात. आपल्या मोठ्या नोटांचे तिथले नियम बदलत आले आहेत, म्हणून शंभराच्याच नोटा घ्याव्यात, आणि वर जाण्याआधी पुरेसे नेपाळी पैसे हातात ठेवावेत. जोमसोमच्या पुढे मोबाईलवरून पैसे देण्याच्या भरवशावर राहू नका.

सप्टेंबर 2025 मध्ये काठमांडूत आंदोलन पेटलं, संचारबंदी लागली, विमानतळ बंद झाला. अशा वेळी हॉटेल सोडायचं नाही, गर्दी बघायला तर मुळीच जायचं नाही. भारतीय दूतावासाचे नंबर निघण्याआधी कागदावर उतरवलेले असावेत. तिथले पोलिसांचे 100, पर्यटक पोलिसांचे 1144, रुग्णवाहिका 102.

विमा घेताना दोनच गोष्टी वाचा: उंचीची मर्यादा आणि हेलिकॉप्टर. बऱ्याच पॉलिसी ठराविक मीटरच्या वरचा खर्च देत नाहीत. 2018 साली नेपाळ सरकारच्या चौकशीत गरज नसताना हेलिकॉप्टर बोलावून विम्याचे पैसे उकळण्याचे प्रकार उघडकीला आले होते. साधी डोकेदुखी असताना कुणी हेलिकॉप्टरची घाई करत असेल, तर जीपने खाली उतरा. जीव खरंच धोक्यात असेल तर मात्र आधी बोलवा, आणि फोन जोडत असतानाच विमा कंपनीलाही कळवा.

शेवटी प्रत्येकाच्या आतल्या खिशात एक चिठ्ठी: नाव, वय, रक्तगट, आजार, चालू गोळ्या, कशाची अॅलर्जी, गटप्रमुखाचा तिथला नंबर, घरचा नंबर 91 लावून. ती मराठीत, स्वच्छ अक्षरात लिहिली तरी चालते. नेपाळीची लिपीही देवनागरीच आहे, जोमसोमच्या दवाखान्यातली नर्स ती वाचू शकते. फक्त गोळ्यांची नावं पाकिटावर जशी छापलेली असतात तशीच उतरवा.