कोंडवाड्यासमोर

दुपारी दोनच्या सुमारास कुरिअरवाल्या पोराचा फोन. “काकाजी, मोबाईल दाखवून रायला तिथंच उभा आहो. घर कोठी आहे तुमचं?”

मी सवयीनं बोलून गेलो, “कोंडवाड्यासमोर.”

पलीकडे शांतता. मग तो कुणाला तरी विचारताना ऐकू आला. त्या कुणीतरीनं ओरडून सांगितलं, “कोंडवाडा कवाचा पडला ना बे! ते जिम आहे, पाय, त्याच्यासमोर.”

पूर्वी आत गेलेल्याला पैसे भरून सोडवावं लागे, आता लोक पैसे भरून आत जातात. बाकी जागा तीच.

आमचं गाव यवतमाळला आता पार चिकटलंय. एकामागून एक लेआउट पडत गेले आणि शहर कुठं संपतं, गाव कुठं सुरू होतं हे घरपट्टीच्या पावतीवरूनच कळतं. लेआउटच्या नावांवरून पत्ता मात्र कुणी सांगत नाही. ‘जिनापाशी उतर’, ‘फाटकावरून डावीकडे’ हेच चालतं. कापसातून सरकी वेगळी काढायचं ते जिन आता नाही, फाटकही नाही. जिनाच्या आवारात मंगल कार्यालय आलं. तिथं लग्नाला गेलो की मला जेवणाच्या वासातही सरकीचा वास येतो. बायको म्हणते, तेल सरकीचंच असेल.

1972 साली कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली तेव्हा जिनासमोर रात्र-रात्र बंड्यांची रांग लागे. माणसं बंडीखाली झोपत आणि बैल उभ्याउभ्या कडबा खात. पुढं चुकाऱ्याचे, म्हणजे विकलेल्या कापसाच्या पैशांचे, हप्ते कधी मिळतील यावर पारावर पैजा लागत. आम्हा पोरांना चुकाऱ्याशी काय देणंघेणं! कापसाच्या गंजीवरून उड्या मारायच्या आणि मार खायचा.

फाटक शकुंतलेचं, म्हणजे आमच्या छोट्या रेल्वेगाडीचं. अडीच फुटी रुळांवरून मूर्तिजापूरचे 113 किलोमीटर ती सावकाश कापायची. देशभरची रेल्वे सरकारी झाली तरी ही लाईन किलिक निक्सन या खासगी कंपनीच्याच मालकीची राहिली. गाडी थांबवून रेल्वेचाच माणूस खाली उतरायचा, फाटक लावायचा, गाडी पुढे गेली की उघडायचा आणि पुन्हा चढायचा. वाफेचं इंजिन 1994 साली गेलं, नंतर गाडीही बंद पडली. आता वर्धा-यवतमाळ-नांदेड ब्रॉडगेजच्या गप्पा निघतात.

पण मी कोंडवाड्याचं सांगत होतो.

आमचा तांबडा गोऱ्हा एकदा शेजाऱ्याच्या तुरीत शिरला. शेजाऱ्यानं स्वतःच हाकत नेऊन कोंडवाड्यात भरला. वडील शेतावर होते. आजीनं दोन रुपये माझ्या सदऱ्याच्या खिशात घालून वर सेफ्टी पिन लावली आणि मला धाडलं. मी नऊ वर्षांचा. मला पाहून गोऱ्हा असा हंबरला की जणू मीच त्याला कोंडलं होतं. कोतवालानं पावती लिहिली: रंग तांबडा, शिंगं आखूड, कपाळावर पांढरा ठिपका. माझंसुद्धा इतकं बारकाईनं वर्णन कुणी कधी लिहिलं नव्हतं. संध्याकाळी तोच शेजारी आमच्या ओट्यावर चहा पीत बसला होता. पावती फाटली, भांडण मिटलं.

त्या दिवशी आत कोपऱ्यात एक काळी गाय होती. तिला सोडवायला कुणी आलं नव्हतं. मालक सालदार, ओळखीचाच. त्याच्याजवळ दंडाचे पैसे नव्हते. अंधार पडला की तो यायचा, फाटकाच्या सळ्यांतून कडबा आत सरकवायचा आणि काही न बोलता निघून जायचा. कायदा 1871 चा. सात दिवसांत मालक आला नाही तर गावात आणि जवळच्या बाजारात दवंडी पिटायची, मग आणखी सात दिवस थांबायचं, मग लिलाव. दवंडी मी ऐकली. ज्याची गाय त्यालाही ऐकू गेलीच असणार, त्याचं घर चार घरं सोडूनच होतं.

लिलावाच्या दिवशी मी शाळेत होतो.

एवढ्यात पोरगा आला. खोक्यात शेतासाठी मागवलेली झटका मशीन होती, कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारी. रोही म्हणजे नीलगायी आणि रानडुकरं, दोघांनीही यंदा शेतात कपाशीची पऱ्हाटी ठेवली नाही.

“काकाजी, कोंडवाडा म्हणजे काय असते?”

“दुसऱ्याच्या वावरात शिरलेली ढोरं कोंडायची जागा.”

त्यानं खोक्याकडे पाहिलं. “मंग रोह्यायले काहून नाही कोंडत?”

“त्यांचा दंड कोण भरणार?”

“तेही आहे,” म्हणाला. “ओटीपी सांगा.”

मी सांगितला.