पोलादपूर तालुक्यात घर-शेतीसाठी जागा पाहताना: वृत्तांत आणि सूचना

रायगड जिल्ह्यातल्या पोलादपूरला जागा पाहायला येणारे बहुतेक जण डिसेंबरात येतात. हवा छान, नद्यांना पाणी, डोंगर हिरवट. या दिवसांत इथली कुठलीही जागा चांगलीच दिसते. पारख करायची तर दोन फेऱ्या माराव्यात: एक मेच्या पहिल्या पंधरवड्यात पाण्यासाठी, दुसरी जुलैत उतार आणि रस्त्यांसाठी. दुसरी फेरी टाळणाऱ्याने जमीन घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आमचा मार्ग महाड, पोलादपूर, तिथून कापडे, उमरठ, साखर असा. बाहेर पडायला तालुक्याला मुख्य तीन वाटा आहेत. उत्तरेला महामार्गाने महाड, दक्षिणेला कशेडी (घाट आणि आता बोगदाही), पूर्वेला आंबेनळी घाटाने महाबळेश्वर. जोराच्या पावसात यातला आंबेनळी घाट सगळ्यात आधी बंद होतो. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिमी पाऊस झाला. सावित्री नदीचा उगम तिथे वरच, त्यामुळे ते पाणी काही तासांत खाली येतं. त्याच पावसात महाड बुडालं, महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली आणि या तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीत माणसं गेली. त्याआधी 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा जुना दगडी पूल वाहून गेला होता. तेव्हा हिशेब असा धरावा की पावसाळ्यात निदान आठवडाभर कुठलीच वाट मिळणार नाही. जागा ते डांबरी रस्ता यामध्ये किती साकव आणि मोऱ्या लागतात ते मोजा. पाइपाची मोरी असेल तर पाइपाच्या तोंडाशी अडकलेला पालापाचोळा बघा. तो तुंबला की पाणी रस्त्यावरून जातं आणि कडेचा भराव पोखरतं.

आता उतार. इथे किमतीपेक्षा हे महत्त्वाचं. गवंडी वापरतात ती पाण्याची लेव्हल पाइप आणि टेप सोबत ठेवा. 10 फूट आडव्या अंतरात चढ 2.7 फूट आला तर उतार साधारण 15 अंश, 4.7 फूट आला तर 25 अंश. घराच्या वरच्या अंगाला 25 अंशांपुढचा मातीचा उतार असेल तर ती जागा सोडून द्यावी, भले समोर कितीही सुंदर दरी असो. मंद उतारावरही ओढ्याच्या तोंडासमोर घर नको. दरडीचा चिखल आणि धोंडे ओढ्याच्याच वाटेने उतरतात आणि तोंडाशी पंख्यासारखे पसरतात. म्हणूनच डोंगराच्या पायथ्याची सपाट, मऊ मातीची, मधेमधे मोठे धोंडे असलेली जागा संशयास्पद. एक हात खणून पाहा. माती आणि बारीकमोठे दगड थर न लागता कालवल्यासारखे निघाले तर ती जुनी दरडच. याशिवाय बुंध्यापाशी वाकून वर सरळ झालेली झाडं, चंद्रकोरीसारखी जमिनीची भेग, अचानक गढूळ झालेला झरा या खुणा पाहाव्यात. दरडप्रवण गावांची यादी तहसील कार्यालयात मिळते. गाव यादीत नाही म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण यादी गावाची असते आणि दरड एखाद्याच वाडीवर येते.

पाऊस 3000 मिमीच्या वर आणि तरीही एप्रिलपासून टँकर, हे ऐकून घाटावरच्या माणसाला नवल वाटतं. मातीचा थर पातळ, खाली काळा कातळ, पाणी थांबतच नाही. विहीर असेल तर मेमध्येच तपासा. 10 फूट व्यासाच्या विहिरीत पाण्याची पातळी 1 सेंमी वाढली म्हणजे साधारण 73 लिटर. संध्याकाळी उपसून खूण करा, सकाळी मोजा. दहा तासांत 30 सेंमी चढलं तर जवळपास 2200 लिटर, म्हणजे घर, दोन गुरं आणि छोटी परसबाग निघते. 5 सेंमीच चढलं तर ती विहीर फक्त पिण्यापुरती. बोअर मारून बघू म्हणणाऱ्यांनी जुगाराचे पैसे वेगळे काढून ठेवावेत.

त्यापेक्षा छपराचं पाणी भरवशाचं. 600 चौरस फुटांच्या छपरावरून 3000 मिमी पावसात, वीस टक्के वाया गेलं तरी, सव्वा लाख लिटरहून जास्त मिळतं. पाच माणसांना माणशी 55 लिटरने फेब्रुवारी ते मे 33,000 लिटर पुरतात. अडचण साठवणीची. एकच मोठी टाकी बांधू नये. दोन फेरोसिमेंटच्या (लोखंडी जाळीवर सिमेंट थापून केलेल्या) टाक्या बांधाव्यात, कारण तडा जातो तो तळ आणि भिंतीच्या सांध्यात, आणि तेव्हा निदान अर्धं पाणी वाचतं. पहिले दोन पाऊस बाहेर सोडा. टाकी शेवटची सप्टेंबरात भरा, तोवर छप्पर धुऊन निघालेलं असतं.

विजेचं म्हणाल तर 1 किलोवॉटच्या सौर पॅनेलवर उन्हाळ्यात दिवसाला चार युनिटच्या आसपास धरा, जुलैच्या झाकोळात दीड मिळालं तरी पुष्कळ. फ्रिज त्यावर सोडू नका. बेगमीची रीत गावात आहेच, तीच उचला: मेअखेर तांदूळ, नाचणी, मीठ, तिखट, सुकी मासळी, छपराखाली रचलेली लाकडं. नाचणी कोरडी ठेवली तर वर्षानुवर्षं टिकते, तांदळाला पोरकिडे लागतात. सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन जवळच्या सरकारी दवाखान्यात आज शिल्लक आहे का, हे स्वतः जाऊन विचारा. मोबाइलची रेंज घरात उभं राहून दोन कंपन्यांच्या सिमवर तपासा.

कागदपत्रांत कोकणचं दुखणं म्हणजे सामाईक खातेदार. सातबारावर वीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत, दोघं वारलेले, वारस नोंद नाही. एकाची सही राहिली की व्यवहार अडतो. इतर हक्कांत कूळ, कुळकायदा कलम 43 ची अट (कुळाला मिळालेल्या जमिनीच्या विक्रीवरची), खासगी वन असे शेरे असतील तर आधी वकील, मग बयाणा. शेतजमीन घ्यायला तुम्ही स्वतः शेतकरी असल्याचा दाखलाही लागतो. नकाशात वाट नसेल तर 'सगळे इथूनच जातात' यावर विसंबू नका. तहसीलदाराकडे जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली बांधावरून वाट मागता येते, पण त्यात वेळ जातो. मोजणीचा अर्ज दिवाळीआधीच टाका. पावसाळ्यात कंबरभर गवतात हद्दीचे दगड सापडत नाहीत, आणि फेब्रुवारीनंतर मोजणीदाराच्या तारखा मिळत नाहीत.