हवाईत पोर्तुगीजांचं राज्य कधी होतं?

होनोलुलूत आमच्याकडे येणारा पाहुणा पहिल्याच सकाळी हे विचारतो, कारण इथल्या मॅकडॉनल्ड्समध्येसुद्धा न्याहारीला अंडी-भाताबरोबर पोर्तुगीज सॉसेज मिळतं. वसईकडची मंडळी तर हमखास विचारतात. पोर्तुगीज म्हटलं की त्यांना किल्लाच आठवणार.

राज्य कधीच नव्हतं. इथे ते मजुरीला आले. पोर्तुगालच्या मदेरा बेटावर रोगाने द्राक्षमळे बसले होते आणि हवाईच्या ऊसमळ्यांना माणसं हवी होती. १८७८ मध्ये ‘प्रिसिला’ जहाजातून पहिली मोठी तुकडी आली. पुढे अझोर्स बेटांवरूनही लोक आले. बहुतेक जण बायकापोरांसकट. त्यामुळे चूल, पावाची भट्टी आणि देव, सगळं इथेच मांडलं गेलं.

१८७९ च्या ‘रेव्हन्सक्रॅग’ जहाजात मानुएल नुनेश, ऑगुस्तो दियाश आणि जोझे दो एस्पिरितो सांतो हे तीन सुतार होते. मळ्यातून सुटल्यावर त्यांनी होनोलुलूत दुकानं थाटली आणि मदेराचं चार तारांचं छोटं वाद्य इथल्या कोआ लाकडात घडवलं. तीच युकुलेली. हवाईचा राजा कालाकौआ याने दरबारात, हुला या इथल्या नाचाच्या साथीला तिला मान दिला. जग तिला अस्सल हवाईची समजतं, आणि मला विचाराल तर बरोबरच समजतं.

मालासादाचंही तसंच. ख्रिस्ती लोकांचा ईस्टरपूर्वीचा उपासाचा काळ सुरू होण्याआधीच्या मंगळवारी घरातली चरबी-साखर संपवायला तळलेले, साखरेत घोळवलेले हे अंड्याच्या पिठाचे गोळे. कुणी त्यांना बिनभोकाचा डोनट म्हणतं. मला तो अपमान वाटतो. १९५२ मध्ये सुरू झालेल्या लेनर्ड्स बेकरीने ते बारमाही केले. तरी त्या मंगळवारच्या रांगा वेगळ्याच, आणि त्यांत जपानी, फिलिपिनो, सगळेच.

सगळं गोड मात्र नव्हतं. मळ्यावरचा मुकादम, म्हणजे ‘लुना’, बरेचदा पोर्तुगीजच असायचा. घोड्यावर बसून चिनी-जपानी मजुरांवर ओरडायचा. मालक लोक त्यालाही आपल्यातला धरत नसत. शिरगणतीतसुद्धा पोर्तुगीजांचा रकाना कित्येक वर्षं इतर गोऱ्यांपासून वेगळा होता. बडबड्या पोर्तुगीजावरचे विनोद इथे अजून चालतात, आणि सांगणाऱ्याचं आडनाव बरेचदा सिल्वा, नाहीतर सूझा असतं.