पाळी, तोल आणि खो-खोच्या पोरी

7 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये वेटलिफ्टर मीराबाई चानूचं कांस्यपदक एका किलोनं हुकलं. एकूण 199 किलो उचलून ती चौथी आली आणि नंतर तिनं सरळ सांगितलं, पाळीचा तिसरा दिवस होता, अशक्तपणा जाणवत होता. दुसऱ्या दिवशी आमच्या मैदानावर पोरींच्या तोंडी तोच विषय.

मी फिजिओथेरपिस्ट, सांगलीची. संध्याकाळी खो-खोच्या मुलींचे गुडघे-घोटे बघायला जाते. त्या दिवशी नववीतल्या एकीनं विचारलं, "ताई, पाळीत खरंच तोल जातो का हो? घरी आजी म्हणते, चार दिवस पळायचं नाही."

तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते. फरक पडू शकतो, पण थोडा, आणि प्रत्येकीचा वेगळा. काही अभ्यासांत रक्तस्रावाच्या दिवसांत तोल कमी आढळला, काहींत स्त्रीबीज सुटण्याच्या सुमारास, तर काहींत फरकच दिसला नाही. बरेचसे अभ्यास मोजक्या मुलींवर झालेले आणि त्यातही पाळीचा टप्पा रक्त न तपासता नुसत्या तारखा मोजून ठरवलेला. एवढ्यावर कुणाला चार दिवस घरी बसवणं मला पटत नाही.

उलट मला काळजी वाटते ती वेगळ्या दिवसांची. स्त्रीबीज सुटण्याच्या जरा आधी इस्ट्रोजेन सर्वांत वर असतं. गुडघ्यातल्या एसीएल लिगामेंटवर, म्हणजे मांडीचं आणि नडगीचं हाड आतून बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यावर, या संप्रेरकाचा परिणाम होतो आणि त्या सुमारास गुडघा किंचित सैल झाल्याचं बऱ्याच मोजण्यांत दिसलंय. म्हणजे पोरगी अगदी ताजीतवानी असते, हूल देऊन झपकन वळते, त्या दिवसांतही गुडघा सांभाळायलाच हवा. एसीएलची दुखापत मुलींना त्याच खेळातल्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त होते. त्यामागे पाळी हे एकच कारण नाही, मांडीची ताकद आणि उडी मारून उतरण्याची पद्धतही आहे. आणि या दोन्ही गोष्टी शिकवून सुधारतात.

आम्ही जमिनीवर चिकटपट्टीनं इंग्रजी वाय काढतो. अनवाणी एका पायावर उभं राहायचं, हात कमरेवर, आणि दुसऱ्या पायानं तिन्ही रेषांवर जमेल तितकं लांब पोचून परत यायचं. बघण्यासारखा असतो तो उभा पाय. बोटं जमीन घट्ट धरतात, घोट्याच्या पुढची शीर थरथरते, आणि तोल जायच्या आधी गुडघा हळूच आत पडतो. तिथेच थांबवून त्याच पायाचा व्यायाम द्यायचा. पुढच्या रेषेवर डाव्या-उजव्यात 4 सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला की मी त्या पोरीला जरा जास्त वेळ देते, मग महिन्याचा कुठलाही दिवस असो. हे माप आणि पाळीची तारीख त्या स्वतःच आपापल्या वहीत लिहितात. वही त्यांच्याकडेच राहते, सरांकडे नाही. दोन-चार महिन्यांनी ज्या त्या मुलीला स्वतःचं चक्र कळायला लागतं. एकीचा तोल पाळीच्या आदल्या दोन दिवसांत ढेपाळतो, कारण पोटदुखीनं झोपच झालेली नसते. दुसरीला काहीच होत नाही.

यापेक्षा मोठी गोष्ट रक्ताची. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 59 टक्के मुलींना रक्तक्षय निघाला. हिमोग्लोबिन कमी असलेली पोरगी डावाच्या शेवटी थकते आणि थकलेला पाय चुकीचा पडतो. दर दोन तासांनी पॅड बदलावं लागत असेल तर डॉक्टरांना दाखवाच. "होतं असं" म्हणून सोडून देऊ नका, आयांनो.

आणि डागाची भीती. डाग पडेल म्हणून पोरगी सूर मारत नाही, पावलं आखडती घेते, निम्मं लक्ष मागे असतं. तोल सांभाळायलाही लक्ष लागतंच की! विम्बल्डननं 2023 पासून पांढऱ्या स्कर्टखाली गडद शॉर्ट्स घालायला परवानगी दिली. आपल्या शाळांनी निदान स्पर्धेचे गणवेश शिवताना खालचा कपडा काळा किंवा गडद निळा घ्यावा, आणि मैदानाजवळ पाणी असलेलं, आतून कडी लागणारं स्वच्छतागृह द्यावं. पुढच्या पालकसभेत मी हे दोन्ही मुद्दे मांडणार आहे. तुमच्या शाळेत तुम्हीही मांडा.