दूरच्या एका शाळेचे सर

आपली शाळा १९७३ च्या जूनमध्ये देवळाशेजारच्या धर्मशाळेत भरायला लागली, हे इथल्या सगळ्यांना ठाऊक आहे. मी १९७८ साली पाचवीत आलो तेव्हा पत्र्याच्या खोल्या उभ्या राहिल्या होत्या, पण एक वर्ग अजून धर्मशाळेतच बसायचा. पावसाळ्यात फळ्याला ओल धरायची, खडू उमटायचा नाही. मग गुरुजी फळ्याकडे पाठ करून तोंडी हिशेब घालायचे. माझं गणित पक्कं झालं ते त्या ओल्या फळ्यामुळे.

शाळेच्या आठवणी इतर मंडळी लिहितीलच. मला लिहायचं आहे ते इथून बाहेर पडल्यावर भेटलेल्या एका सरांबद्दल. अमेरिकेतल्या युटा राज्यात, प्रोव्हो गावी, १९७३ सालीच एक कायद्याचं महाविद्यालय असंच दुसऱ्याच्या जागेत सुरू झालं. ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचं, म्हणजे मॉर्मन या वेगळ्या ख्रिस्ती पंथाच्या विद्यापीठाचं हे महाविद्यालय. आणि पहिले वर्ग भरले गावातल्या कॅथलिक शाळेच्या खोल्यांत! त्याचे पहिले डीन रेक्स ली. वय जेमतेम ३८. चांगले गुण मिळवलेल्या, कुठेही प्रवेश मिळू शकेल अशा मुलांना त्यांनी त्या उसन्या वर्गात आणून बसवलं. १९७५ मध्ये स्वतःची इमारत झाली, तेव्हा समारंभाला अमेरिकेचे सरन्यायाधीश वॉरन बर्गर आले होते.

मी तिथे स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी १९९० साली गेलो. प्रवेश घेताना विद्यापीठाच्या आचारसंहितेवर सही करावी लागते. दारू नाही, तंबाखू नाही, कॉफी नाही आणि चहाही नाही. मॉर्मन नसलेल्यालाही तोच नियम. दिवसातून चार वेळा चहा पिणाऱ्या घरातला मी. पण सही केली आणि दोन वर्षं पाळली. सही केली की पाळायची, हे आपल्या गुरुजींनीच शिकवलं होतं.

रेक्स ली तेव्हा विद्यापीठाचे अध्यक्ष होते. मंगळवारी सकाळी ११ वाजता वर्ग बंद असत आणि हजारो विद्यार्थी मॅरियट सेंटर या भल्यामोठ्या क्रीडागृहात प्रवचन ऐकायला जमत. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते तिथेच, वरच्या रांगेतून. मंचावर चालताना ते पाऊल जपून टाकत होते. शेजारच्या मुलाने हळूच सांगितलं, यांना १९८७ साली कॅन्सर झाला होता. त्यातून बरे झाले आणि १९८९ साली हे पद घेतलं. आता पायांच्या नसा साथ देत नाहीत. हा माणूस एकेकाळी मॅरेथॉन धावायचा.

त्या मुलाशी पुढे मैत्री झाली. तो कायदा शिकत होता, त्यामुळे लींबद्दल त्याला पुष्कळ माहिती होती. अ‍ॅरिझोनातल्या सेंट जॉन्स या छोट्या गावात लहानाचे मोठे झालेले. शिकागो विद्यापीठात कायद्याच्या परीक्षेत १९६३ साली पहिले आले. मग सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांच्या हाताखाली काम, फीनिक्समध्ये वकिली, त्यानंतर ते महाविद्यालय. १९८१ साली रेगन सरकारने त्यांना सॉलिसिटर जनरल केलं.

माझे वडील तालुका कोर्टात शिरस्तेदार होते. मी हे सगळं हवाई पत्रातून कळवायचो. आबांचं उत्तर यायचं, त्यात ख्यालीखुशाली दोन ओळी आणि प्रश्न दहा. सरकारी वकील आहे म्हणतोस, पण सरकारने सांगितलेलंच बोलतो, की त्याला स्वतःचं काही आहे?

त्याचं उत्तर म्हणून मी त्यांना चढ्ढा खटला लिहून पाठवला. जगदीश राय चढ्ढा केनियात जन्मलेला, आईवडील भारतीय, पासपोर्ट ब्रिटिश. ओहायोत शिकायला आला आणि १९७२ साली त्याचा व्हिसा संपला. केनिया घेईना, ब्रिटन थांबा म्हणे. इमिग्रेशनच्या न्यायाधीशाने त्याला राहू द्यावं असा निर्णय दिला. पण तेव्हाच्या कायद्याने संसदेचं एक सभागृह नुसता ठराव करून असा निर्णय फिरवू शकत असे. डिसेंबर १९७५ मध्ये ३४० जणांच्या यादीतून ६ नावं काढली गेली, त्यात चढ्ढा होता. त्यावर ना चर्चा झाली, ना मतांची नोंद. आबांनी त्या वाक्याखाली पेन्सिलने रेघ मारलेली मी नंतर पाहिली.

खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा सरकारचे वकील रेक्स ली. संसदेचा हा अधिकार घटनेत बसत नाही, हीच सरकारची भूमिका होती. म्हणजे ज्या इमिग्रेशन खात्याने चढ्ढाला घालवायचं, त्याचा वकील चढ्ढाच्या बाजूने बोलत होता. २३ जून १९८३ ला निकाल लागला, ७ विरुद्ध २. जवळपास २०० कायद्यांतल्या तशा तरतुदी त्या एका निकालाने निकामी झाल्या, असं विरोधी निकालपत्रात लिहिणारे न्यायमूर्ती कोण, तर बायरन व्हाइट! ज्यांच्या हाताखाली शिकले त्यांच्याचसमोर उभं राहून ली जिंकले होते. मला हा त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस वाटतो.

आबांच्या प्रश्नाचं खरं उत्तर मात्र पुढे होतं. गर्भपाताच्या विरोधात, शाळेतल्या प्रार्थनेच्या बाजूने लींनी न्यायालयात आणखी कडक बोलावं, असा त्यांच्याच पक्षातल्या लोकांचा आग्रह होता. स्वतः ते श्रद्धाळू मॉर्मन, विचारांनी त्याच बाजूचे. तरीही न्यायालयापुढे जे टिकणार नाही ते मांडून त्या खुर्चीची पत घालवायची नाही, यावर ते अडून राहिले. मी सॉलिसिटर जनरल आहे, पत्रकं काढणारा नव्हे, अशा अर्थाचं ते बोलले होते. ज्या मुद्द्यावर त्यांनी पूर्वी आपल्या चर्चची वकिली केली होती, तोच मुद्दा एका खटल्यात निघाला, तर ते त्या खटल्यातून सरळ बाजूला झाले. १९८५ साली त्यांनी पद सोडलं.

आबांनी लिहिलं, "कोर्टात तीस वर्षं काढली. बाजूला होणारा वकील फार थोड्या वेळा पाहिला. याच्या हाताखालची पोरं नशीबवान." मी कायद्याचा विद्यार्थी नव्हतो, पण ते वाचून मला त्यांचाच विद्यार्थी असल्यासारखं वाटलं.

मी १९९२ साली परत आलो आणि पाटबंधाऱ्याच्या कामांवर लागलो. १९९६ च्या एप्रिलमध्ये मित्राचं पत्र आलं. ११ मार्चला प्रोव्होत ली गेले होते, वय ६१. आजार वाढला म्हणून वर्षाअखेरीस अध्यक्षपद सोडून त्यांना तीन महिनेही झाले नव्हते. आबा तेव्हा निवृत्त होऊन ओसरीवर बसलेले असत. मी पत्र वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "सुप्रीम कोर्टात एकूण किती वेळा उभा राहिला?"

पत्रात तो आकडा होता. मी सांगितला. आबांनी कानामागची पेन्सिल काढली आणि पत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, शिरस्तेदाराच्या त्या गोल, वळणदार अक्षरात लिहिलं: ५९.